बेटावरची शेवटची निनावी जागा

आनुरेका बेटावर निनावी अशी तसूभरही जमीन नाही. प्रत्येक खडकाला, प्रत्येक विहिरीला, वाळूच्या प्रत्येक वळणाला नाव आहे आणि ते नाव कुणा ना कुणा मेलेल्या माणसाचं आहे. समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही, तर तो जिवंतपणी जिथे शेवटचा दिसला ती जागा त्याची. आपल्या माणसांना असं पायाखाली जपून ठेवणारं दुसरं बेट या समुद्रात नाही, असं आनुरेकाची माणसं छाती पुढे काढून सांगतात.

अपवाद एकच होता. गावाच्या खालच्या अंगाला मासे कापायचा दगड आहे. तिथे पाण्याची ओढ बाहेरच्या बाजूला असल्यामुळे टाकलेली घाण परत येत नाही, म्हणून सगळं बेट मासे तिथेच कापतं. खवलं, आतडी आणि माश्या सोडल्या तर तिथे पाहण्यासारखं काही नाही, आणि आजवर कुणी तिथे शेवटचं दिसण्याचा अविचार केला नव्हता. लोक त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायचे. "कुठे निघालीस?" "तिकडे." म्हणजे टोपली घेऊन, नाक मुरडत.

जागांना नावं बसवण्याचं काम रोंगोच्या घराण्याकडे होतं. बापाकडून ते त्याच्याकडे आलं, आणि रोंगो ते सुतारानं दार बसवावं तसं करायचा. वेळेवर, नीट, डोळ्यांत पाणी न आणता. मेलेल्याचे नातेवाईक घुटमळायला लागले की म्हणायचा, "चला, ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही." नियमांना तो पक्का. शाळेत नवीन आलेल्या मास्तरांनी एकदा त्याला मोठ्या नकाशात बेट दाखवलं. तिथे आनुरेका असं नव्हतंच, कुणा बाईचं नाव होतं. दोनशे वर्षांपूर्वी एक कप्तान इथून गेला, खडकामुळे त्याला उतरता आलं नाही, तेव्हा त्यानं दुर्बिणीतून बघून बेटाला आपल्या सासूचं नाव दिलं, असं मास्तर म्हणाले. मास्तरांना वाटलं, म्हातारा चिडेल. रोंगोनं शांतपणे विचारलं, "सासू तेव्हा मेलेली होती ना?"

"ते काही पुस्तकात नाही, काका."

"मग नाव कच्चं आहे," रोंगो म्हणाला आणि उठून गेला.

त्याच्या कामाचा दुसरा अर्धा भाग होता, त्याकडे मात्र त्याचं कधी फार लक्ष गेलं नव्हतं. आनुरेकावर पहिलं मूल झालं की आईबापाची नावं बाजूला ठेवतात. तो अमक्याचा बाबा, ती तमक्याची आई. जन्मभर तेच. पण मुलाचं नाव जमिनीला दिलं की ते माणसांतून उठतं. पुढे कुणा बाळाला ते ठेवायचं नाही, त्या नावानं कुणाला हाक मारायची नाही, आणि आईबापांनी आपापली जुनी नावं पुन्हा अंगावर घ्यायची. बेटावर अशी पाचसहा माणसं होती. सगळे त्यांना नावानं हाक मारत, आणि हाक मारताना आवाज आपोआप खाली येई.

रुता आजी त्यातली एक. पूर्वी ती मातिऊची आई होती. मातिऊ आता देवळामागचा शेवाळलेला उतार आहे. "मातिऊवर पाय जपून ठेव रे," असं दिवसातून दहा वेळा तिच्या कानावर पडतं.

रोंगोला बावीस वर्षं सगळे तेहानीचे बाबा म्हणत.

तेहानी गेल्या हंगामाच्या शेवटी कुपे माशांच्या मागे बाहेरच्या पाण्यात गेली. एकटीच, बाजूला तोल सांभाळणारी उलांडी बांधलेली लहान होडी घेऊन. होडी हाकण्यात तिच्या तोडीचा पुरुष बेटावर नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. दुपारी पश्चिमेकडून वावटळ आली. संध्याकाळी होडी आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या शोधाला गेल्या, चौथ्या दिवशी सरकारी विमानानं बेटावरून एक घिरटी घातली. पोरांनी त्याला हात हलवून दाखवले. विमानानं पंख हलवून उत्तर दिलं आणि ते परत गेलं. त्याला तेवढंच जमण्यासारखं होतं.

रीत अशी की पुढच्या हंगामापर्यंत वाट बघायची. कुपे पुन्हा खडकाजवळ दिसायला लागले की न परतलेल्याला बसवायचं, म्हणजे त्याचं नाव त्याच्या जागेला द्यायचं. तोवर कुणी कुप्यांच्या मागे जायचं नाही, कारण तोवर ते माणूस समुद्रात भटकत असतं आणि भटकणाऱ्या माणसाच्या मागे मासा जातो. आणि बसवेपर्यंत रडायचं नाही. रडणं ऐकू आलं तर भटकं माणूस आवाजाच्या रोखानं घरी येतं, एकदा घरात शिरलं की मग ते कुठेच बसत नाही. हा नियम रोंगोनं आजवर कितीतरी घरांना दटावून सांगितला होता. अलीकडे मात्र, भटकं माणूस घरी आलं तर त्यात एवढं वाईट काय, ते त्याला कळेनासं झालं होतं.

तेहानीची आई मोएरा रडली नाही. तिला खोकला लागला. सरकारी बोटीबरोबर नर्सबाई आल्या, त्यांनी छातीला नळी लावून पाहिलं, काही नाही म्हणाल्या आणि लाल औषधाची बाटली दिली. पुढच्या फेरीला आणखी एक दिली. मोएरा औषध नेमानं घ्यायची आणि नेमानं खोकायची.

मग एका सकाळी खडकाच्या बाहेर पाणी काळं दिसलं आणि त्यावर पक्षी तुटून पडले. कुपे आले. बेटावर सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे मान वळवली.

रोंगो म्हणाला, ओहोटी बरोबर नाही. खरंच नव्हती. आठवड्यानं ती बरोबर झाली, तेव्हा तो म्हणाला, चंद्र भरलेला हवा. चंद्र भरला, तेव्हा त्यानं गालाला हात लावून सांगितलं की दात दुखतोय, आणि नाव उच्चारणाऱ्याचं तोंड निर्दोष असावं लागतं, बापानं बजावलंय. बोट आली तसे गावातले लोक त्याला नर्सबाईंकडे घेऊन गेले. अगदी प्रेमानं, दोन्ही दंड धरून. बाईंनी विचारलं, कुठला? रोंगोनं एका दाढेवर बोट ठेवलं. बाईंनी ती उपटली आणि उजेडात धरून बघितली. दाढ चांगली होती.

त्याच दिवशी रुता आजी त्याच्या पडवीत येऊन बसली. रोंगोच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे बोलण्याची सगळी जबाबदारी तिच्यावर होती.

"अरे, माझ्या वेळेला तू मला काय म्हणाला होतास, आठवतंय? 'ओहोटी थांबत नाही.' म्हटलं होतं, तुझ्या तोंडात मारावी एक." तिनं नीरफणसाचा भाजलेला तुकडा शेजारी बसलेल्या मोएरापुढे सरकवला. "पण बसवलंस ते बरं केलंस. आता मला ठाऊक असतं, पोरगा कुठे आहे. गेल्या वर्षी माझ्या मातिऊनं तुझ्या मेहुण्याचा, पुनाऊचा गुडघा फोडला. जिवंतपणी भांडण म्हटलं की लांब पळायचा. आता बघ कसा धीट झालाय."

मोएरा हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती उठून आत गेली.

"हा खोकला नाही, बाबा," आजी हळूच म्हणाली. "तिच्या आत आहे ते कधी बाहेर येऊ देणार आहेस?"

रोंगोनं तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं.

"हो, हो. सोयीचा बोळा आहे," आजी म्हणाली.

दाढेची जखम भरली तसं पुनाऊनं सगळ्यांना बोलावलं. पुनाऊ हा बेटाचा प्रमुख, मोएराचा धाकटा भाऊ, म्हणजे तेहानीचा मामा. प्रमुखाचं नाव तेवढं मूल झालं तरी बाजूला ठेवत नाहीत. बैठकीच्या छपराखाली पुरुष खांबांना टेकून बसले, बायका कडेला केवड्याच्या चटया विणत बसल्या. खडकाबाहेर पक्ष्यांचा गोंगाट चालला होता आणि तो ऐकू येत नसल्याचं सोंग करणं सगळ्यांनाच जड जात होतं.

"दाजी," पुनाऊनं सुरुवात केली, "ओहोटी झाली, चंद्र झाला, आता दाढही गेली. आणखी काय उपटायचं राहिलंय?"

"साक्षीचं ठरलेलं नाही," रोंगो म्हणाला. "शेवटची ती कुणाला दिसली, कुठे दिसली, ते पक्कं झाल्याशिवाय मी नाव कशावर ठेवू? माझ्या डोक्यावर?"

"माझी साक्ष आहे की. मी पूर्वेच्या दांड्यावर होतो. तिचं शीड वळताना मी या डोळ्यांनी पाहिलं."

पूर्वेचा दांडा म्हणजे दोन वर्षांमागे लाटांनी वर आणलेली पांढरीशुभ्र वाळू. इतकी नवी की तिला अजून कुणी बेटात धरतच नव्हतं. नाव नाही, घाण नाही, सूर्य उगवताना गुलाबी दिसते. प्रमुखाच्या भाचीला शोभेल अशी जागा होती. शिवाय तिला लागूनच पुनाऊची नारळाची बाग होती, पण ते कुणी बोललं नाही.

"तू तेव्हा झोपला होतास, पुनाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. "तुझं घोरणं आम्ही पाण्यात ऐकत होतो."

"माझा एक डोळा उघडा असतो."

"हो, बायकोला विचारलं पाहिजे कुठला ते."

लोक हसले. रोंगोच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरलं. वाद म्हणजे वेळ. "बघा, साक्षीतच मतभेद आहे," तो शक्य तितक्या खेदानं म्हणाला. "पुढच्या अमावास्येला पुन्हा बसू."

"तेहानीचे बाबा," मोएरा म्हणाली.

तिच्या हातातली चटई थांबली होती. ती खोकली, छातीवर हात ठेवून थोडी थांबली.

"शेवटची ती मला दिसली."

बायकांनी चटया खाली ठेवल्या.

"ती परत आली होती. पाणी उपसायची करवंटी विसरली म्हणून."

अपशकुन उतरावा म्हणून दोनतीन म्हाताऱ्यांनी जमिनीवर हात टेकवले. निघालेली होडी परत वळवायची नसते, हे आनुरेकाचं पोरही जाणतं.

"मी तिकडे होते, टोपलीभर मासे होते, कोपरापर्यंत हात भरलेले. करवंटी तिथेच पडली होती. मी द्यायला निघाले, तर म्हणाली, 'नको, तू नको येऊस, दिवसभर वास येईल मला. फेक तिथूनच.' मी फेकली. तिनं डाव्या हातानं झेलली. म्हणाली, 'बघितलंस?' मी म्हटलं, बघितलं, जा आता, शहाणी आहेस." मोएरानं चटईची एक पट्टी नीट केली. "मग गेली."

रोंगोला हे माहीत नव्हतं. या सगळ्या दिवसांत त्यानं मनातल्या मनात तेहानीला हजार ठिकाणी शेवटचं पाहिलं होतं. वाटेवर, विहिरीवर, शिडाच्या दोऱ्या आवळताना. डाव्या हातानं करवंटी झेलताना एकदाही नाही. आता ते दिसलं आणि बाकीची सगळी ठिकाणं एकेक करून विझली.

"ताई, इतके दिवस बोलली का नाहीस?" पुनाऊनं विचारलं.

"कुणी विचारलं?"

"दाजींनी तरी—"

"त्यांनीही नाही विचारलं. विचारलं तर मी सांगेन, हे ठाऊक होतं त्यांना." तिनं रोंगोकडे पाहिलं नाही. "मला तरी कुठे सांगायचं होतं? सांगितलं की झालंच."

पुनाऊनं आवाज खाली आणला. "अगं, पण ताई... तिकडे? तिथे आपण आतडी टाकतो. नावं बसवणाऱ्याची मुलगी, माझी भाची. उद्या लोक म्हणतील..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. करण्याची गरजही नव्हती, कारण ते प्रत्येकाच्या मनात पुरं झालं होतं. रोंगोला तर ते आतापासूनच वेगवेगळ्या आवाजांत ऐकू यायला लागलं. तेहानीवर माश्या फार झाल्यात. तेहानी घसरडी झाली आहे. आज तेहानीचा काय वास येतोय! आयुष्यभर त्यानं लोकांची माणसं जमिनीवर बसवली होती आणि लोक नंतर त्यांच्याबद्दल काय काय बोलतात ते कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. कुणाच्या आजोबांत डुकरं शिरत होती. कुणाच्या बहिणीत पावसाळ्यात बेडूक ओरडत. आणि त्यांच्या घरची माणसं ते रोज ऐकत होती आणि वर, "हो ना, फार ओरडतात," असं म्हणतही होती.

"दांडाच बरा," कुणीतरी पुटपुटलं. "पांढरा आहे."

"दांड्यावर मी काय करू?" मोएरा म्हणाली. "तिथे मी वर्षातून एकदा जाईन. तिकडे मी रोज असते."

"आणि रोज धुतात तरी तो दगड," रुता आजी म्हणाली. "माझ्या मातिऊला कोण धुतंय?"

पुनाऊनं गुडघा चोळला.

सगळे रोंगोकडे बघायला लागले. साक्ष झाली होती. आईची साक्ष, तिच्यावर वाद होत नाही. ओहोटी बरोबर होती, तोंड निर्दोष होतं. काढायला एकही दात उरला नव्हता, म्हणजे होते, पण त्यातला कुठलाही आता कामाचा नव्हता.

त्यानं मोएराला विचारलं, अगदी हळू, पण ते सगळ्यांनी ऐकलं.

"मग मला काय म्हणशील?"

मोएरानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं नाव अजून आठवतं मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर, सगळं गाव मासे कापायच्या दगडाशी उभं राहिलं. इतक्या लोकांनी एका वेळी तिथे उभं राहायची ही पहिलीच वेळ. बायकांनी दगड वाळूनं घासून काढला होता, तरी माश्या होत्याच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रीतीप्रमाणे आधी जागेच्या जुन्या नावाला निरोप द्यायचा असतो. रोंगोनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की निरोप द्यायला काही नाही. त्यानं ते सोडून दिलं. कोवळ्या नारळाचं पाणी दगडावर ओतलं, ते खवलांच्या जुन्या डागांवरून वाहत समुद्रात गेलं. मग ओणवं होऊन दगडावर तळहात ठेवला. पुढचे शब्द त्याला तोंडपाठ होते. बापाच्या तोंडून ऐकलेले, स्वतः किती वेळा म्हटलेले, नेहमी एका दमात, ओहोटी थांबत नाही म्हणून.

"फिरलीस तेवढं पुरे," तो म्हणाला.

आणि थांबला.

पाणी बाहेर ओढत होतं. बऱ्याच वेळानं पुनाऊ पुढे सरकला, त्यानं खाली वाकून मेहुण्याच्या कानाशी पुढचा शब्द सांगितला, जणू रोंगो तो विसरला होता.

"आता बस," रोंगो म्हणाला. "इथे बस. ही जागा तुझी. हे नाव या जागेचं." मग ते नाव त्यानं मोठ्यानं घेतलं, दगडाकडे बघून, माणसाला हाक मारताना घेतात तसं नाही, जागेचा पत्ता सांगताना घेतात तसं. ते त्याला जमलं. जमलं याचंच त्याला नंतर फार दिवस वाईट वाटत राहिलं.

मोएराचं रडणं सुरुवातीला खोकल्यासारखंच वाटलं, म्हणून बायका जराशा थांबल्या. कुणीतरी पाण्याचं भांडंही पुढे केलं. मग त्यांना कळलं, आणि त्या सगळ्या एकदम तिच्याभोवती बसल्या. रुता आजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "येऊ दे," ती म्हणत होती, "येऊ दे बाई, सगळं येऊ दे, आता ऐकायला कुणी भटकत नाहीये." रोंगो दगडावर हात ठेवून तसाच ओणवा राहिला. रडायची आता त्यालाही मुभा होती. बावीस वर्षं आणि वर एक हंगाम धरून ठेवलेलं काही इतक्या पटकन सुटत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ऊन चढलं. लोक एकेक करून होड्यांकडे गेले. फार घाई केल्याचं दिसू नये म्हणून ते मुद्दाम हळू चालत होते. पाणी फिरलं होतं, भरतीची पहिली लाट दगडाच्या कडेला आली.

"रोंगो," मोएरा म्हणाली.

कुणाला हाक मारली ते बघायला तो मागे वळला. मागे कुणी नव्हतं.

"सरका जरा," ती म्हणाली. "पाणी येतंय. भिजाल."

तो सरकला. तिच्या शेजारी, दगडाच्या वरच्या अंगाला बसला. तिचा श्वास रडून रडून खरखरत होता, पण खोकला नव्हता. औषधाची अर्धी बाटली घरी उरली होती.

दुपारी होड्या आल्या. एवढे कुपे गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिले नव्हते. होड्यांच्या कडा पाण्याला लागल्या होत्या. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन वाट उतरल्या आणि दगडापासून थोड्या अंतरावर घोटाळल्या. मोएरा आणि रोंगो तिथे बसले होते. टोपल्यांतून रक्त गळत होतं. पुनाऊची नवीन सून, जी दुसऱ्या बेटावरून आली होती आणि जिला अजून सगळ्या जागा नीट ठाऊक नव्हत्या, तिनं मागून विचारलं, "कुठे ठेवू हे, आत्या? तिक—" आणि जीभ चावली.

"तेहानीवर," मोएरा म्हणाली. "ठेव तेहानीवर."

ती उठली, कमरेला खोचलेली सुरी काढली आणि पहिला मासा स्वतः घेतला. रोंगोनं बाजूला होऊन बायकांना वाट करून दिली. कुपे खूप होते, ऊन तापलं होतं, आणि मासे कापायला बेटावर दुसरी जागा नव्हती.